फॉक्सप्रोवरचं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचंय, सुरुवात कुठून?

खातेवही७: आमच्या पतसंस्थेचं सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रोवर (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) चालतं, ज्याने लिहिलं तो केव्हाच सोडून गेला, एक डीबीएफ फाइल (त्यातली डेटाची फाइल) २ जीबीला टेकत आलीय आणि त्यापुढे ती वाढतच नाही म्हणे. सगळं उचलून ओपनस्टॅकवर (क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) टाकलं तर भागेल का?

बिनधास्त_डीबीए: नाही हो. सर्व्हर बदलला तरी २ जीबीची मर्यादा मागे येणारच, आणि मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट २०१५ लाच संपलाय. आधी डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये न्या, त्यात डेटा भरणारं पीजीलोडर हे टूल डीबीएफ थेट वाचतं. मग एकेक मॉड्यूल, पहिले रिपोर्ट, व्याज आकारणी सगळ्यात शेवटी!

चहाबाज: नावं मराठीत असतील तर जपून. जुन्या फॉन्टात टाइप केलेली असतात, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसतं, आत नुसती खिचडी. आमच्याकडे रफार आणि पहिली वेलांटी असा काही घोळ घालत होते की शेवटी दोन क्लार्क बसवून नावं तपासून घेतली.

खातेवही७: बापरे, फॉन्टचं डोक्यातच नव्हतं. कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारी यंत्रणा) वगैरे लागेल का?

बिनधास्त_डीबीए: एका पतसंस्थेला? दोन व्हीएम (आभासी सर्व्हर) आणि रोजचा बॅकअप, तोही रिस्टोअर करून बघितलेला, बास. पण महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवा, रोज संध्याकाळी तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळली पाहिजे.