नवऱ्याचा एनसीबी बायकोच्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतो का?

सहावा_गिअर:
माझ्या नावावर एक हॅचबॅक आहे. चालू कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत ४५% नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) लागलाय. या वर्षीही क्लेम नाही आणि पॉलिसी संपायला दोन महिने आहेत. ही गाडी काढून नवी घ्यायची आहे, पण नव्या गाडीची नोंदणी बायकोच्या नावावर करायचा विचार आहे. तिच्या नावावर आजवर गाडी नाही.

डीलरचा इन्शुरन्सवाला म्हणतो, "मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या, तुमचा बोनस मॅडमच्या पॉलिसीला लावून देतो." हे नियमात बसतं का? बसत नसेल तर आरसी तिच्या नावावर आणि पॉलिसी माझ्या नावावर असं करता येईल का? आणि दोन्ही जमत नसेल तर या ४५ टक्क्यांचं करायचं काय?

जुना_सर्व्हेअर:
नाही बसत. एनसीबीचे नियम इंडिया मोटर टॅरिफ, २००२ मधल्या जीआर २७ (जनरल रेग्युलेशन २७) मध्ये आहेत आणि आजही पॉलिसीच्या शर्ती त्याच धर्तीवर असतात. मुख्य मुद्दा एकच: बोनस गाडीचा नसतो, पॉलिसीचाही नसतो, तो मूळ विमाधारकाचा असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की नव्या मालकाला त्याचा स्वतःचा जो हक्क असेल तेवढाच बोनस मिळतो. तुमच्या पत्नीच्या नावावर आधी गाडी नव्हती, म्हणजे त्यांची सुरुवात शून्यापासून. नवरा-बायको दोघं हयात असताना एकाचा बोनस दुसऱ्याला देण्याची तरतूदच नाही, मग मॅरेज सर्टिफिकेट कशाला लावायचं?

डीलरकडे असं "लावून" दिलं जातं तेव्हा प्रपोजलमध्ये एक डिक्लरेशन असतं: मागितलेला बोनस बरोबर आहे, चुकीचा निघाला तर सेक्शन १, म्हणजे ओन डॅमेजचे (ओडी, स्वतःच्या गाडीचं नुकसान) सगळे लाभ जप्त. बहुतेक लोक ते न वाचताच सही करतात किंवा ओटीपी देऊन मोकळे होतात. पुढे गाडी ठोकली, सर्व्हेअर आला, कंपनीने मागच्या पॉलिसीची पडताळणी केली की विमाधारकाचं नाव वेगळं निघतं आणि क्लेम तिथेच अडतो. काही हजार वाचवायला जाऊन दुरुस्तीचं सगळं बिल खिशातून भरायचं. थर्ड पार्टीची जबाबदारी मात्र यातून जात नाही, फटका फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला बसतो.

कुणाची पॉलिसी आधीच अशी निघाली असेल तर क्लेमची वाट बघत बसू नका. कंपनीला लेखी कळवून बोनसचा फरक भरायचा आणि पॉलिसीतल्या दुरुस्तीचं एंडोर्समेंट (लेखी नोंद) हातात घ्यायचं. अपघातानंतर ही दारं बंद होतात.

लोखंडी_बंपर:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आरसी बायकोची आणि पॉलिसी नवऱ्याची, हा मार्ग पहिल्यापेक्षा वाईट. ज्याच्या नावावर गाडी नाही त्याला त्या गाडीत विमाहितच (गाडीच्या नुकसानीने स्वतःचं आर्थिक नुकसान होणं) नाही. नुकसान झालं तर पैसे द्यायचे कुणाला, असा प्रश्न कंपनी उभा करणार आणि तो रास्त आहे. आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकच हवं.

गाडी कोण चालवणार यावरून मालक ठरवायची गरजही नाही. आपल्याकडच्या पॉलिसीत चालकाचं नाव घालावं लागत नाही. मालकाच्या संमतीने, वैध लायसन्स असलेलं कुणीही चालवू शकतं. गाडी तुमच्या नावावर आणि रोज चालवणाऱ्या वहिनी, तरी विम्याच्या दृष्टीने काहीच अडत नाही. तेव्हा नवी गाडी त्यांच्या नावावर घेण्यामागे कर्ज किंवा कराचं काही कारण नसेल तर ती तुमच्याच नावावर घ्या, बोनस सरळ लागेल. अट एवढीच की वाहनाचा वर्ग तोच हवा. खासगी कारचा बोनस खासगी कारला चालतो, दुचाकीला नाही.

आणि दोन महिने बाकी आहेत ना? मग घाई करू नका. पूर्ण १२ महिने विनाक्लेम गेल्यावरच पुढची पायरी मिळते: २०, २५, ३५, ४५, ५०. आज गाडी विकलीत तर हातात ४५ च राहतील. मुदत संपेपर्यंत गाडी तुमच्या नावावर राहिली तर ५०. खरेदीदाराशी व्यवहार आधी ठरवून ठेवा, पण ताबा आणि आरटीओचे कागद पॉलिसी संपल्यानंतर करा. त्या तारखेपासून त्याने स्वतःच्या नावाची पॉलिसी काढायची. ती निघाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, एक दिवससुद्धा.

सहावा_गिअर:
दोघांचेही आभार. आता घरात दुसरा पर्याय निघालाय: जुनी गाडी न विकता बायकोच्या नावावर करायची आणि नवी माझ्या नावावर घ्यायची. यात बोनसचं काय होईल?

फॉर्म_एकोणतीस:
तुमच्या बाबतीत मला हाच हिशेब सगळ्यात बरा वाटतो. एनसीबी फक्त ओन डॅमेज प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. ओडी प्रीमियम गाडीच्या आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) चालतो, म्हणजे नव्या गाडीचा मोठा आणि जुन्याचा लहान. समजा, नव्या गाडीचा ओडी २४,००० रुपये आणि जुन्याचा ६,०००. ५०% बोनस नव्याला लावला तर १२,००० वाचतात आणि जुन्यावर गमावता ३,०००. बोनस एकाच गाडीला लागतो, तेव्हा तो मोठ्या प्रीमियमच्या गाडीला लावायचा. (एजंट हे आपणहून क्वचितच सांगतात.)

आता क्रम, कारण गोंधळ इथेच होतो. पत्नीच्या नावावर करताना पैसे द्या अगर देऊ नका, आरटीओसाठी ते हस्तांतरणच आहे: फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, पीयूसी आणि चालू विमा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सरची संमती आधी. ती नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे हस्तांतरणाच्या तारखेपासून १४ दिवसांत नव्या मालकाने विमा कंपनीला अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टी कव्हर कायद्यानेच नव्या मालकाकडे जातं. ओन डॅमेज तसं आपोआप जात नाही. सुप्रीम कोर्टाने कम्प्लीट इन्शुलेशन्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलेलं आहे. ओडी बदलून घ्यायला नव्या मालकाची स्वतंत्र विनंती, जुन्या मालकाची संमती, नवा प्रपोजल फॉर्म आणि हस्तांतरणाचा पुरावा लागतो. "नवरा-बायकोच तर आहोत, रिन्यूअलला नाव बदलू" असं म्हणून लोक थांबतात. मधल्या काळात गाडी आपटली की आरसीवर एक नाव, पॉलिसीवर दुसरं.

पॉलिसीच्या मध्येच नाव बदललं तर त्या पॉलिसीत तुम्हाला मिळालेली सूट उरलेल्या काळापुरती परत भरावी लागते. ओडी १२,००० असताना ५०% सूट, म्हणजे ६,००० वाचलेले असतील आणि आठ महिने शिल्लक असतील तर साधारण ४,००० अधिक जीएसटी. तुमचे दोनच महिने उरलेत, त्यामुळे रक्कम किरकोळ असेल. पण वरच्या प्रतिसादातला पायरीचा मुद्दा बघता मुदत संपल्यावरच नाव बदला आणि नवी पॉलिसी थेट पत्नीच्या नावाने काढा. म्हणजे वसुलीचा प्रश्नच राहत नाही.

जुना_सर्व्हेअर:
वरच्यात भर. नाव बदलल्यावर जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. काही ठिकाणी त्याला रिटेन्शन लेटर म्हणतात. अर्जासोबत पॉलिसीची प्रत आणि फॉर्म २९-३० च्या प्रती किंवा नव्या नावाची आरसी जोडायची. पत्रात टक्केवारी, पॉलिसी क्रमांक, पॉलिसी संपल्याची तारीख आणि तुमचं नाव आरसीवर आहे तसंच आहे ना, ते तिथेच तपासा. आडनावाच्या स्पेलिंगवरून दुसरी कंपनी पत्र परत पाठवते.

नवी गाडी लगेच घ्यायची नसली तरी जुनी पॉलिसी संपल्यापासून ३ वर्षांच्या आत नवा विमा घेतला तर हा बोनस चालतो. ९० दिवसांची मर्यादा वेगळी, तिची गल्लत करू नका. गाडी तुमच्याकडेच आहे आणि रिन्यूअल राहिलं, तर ९० दिवसांनंतर बोनस शून्य. तीन वर्षांची सवलत मुख्यतः गाडी नावावरून गेली आणि दुसरी लगेच आली नाही अशांसाठी आहे.

पत्र नव्या गाडीच्या डिलिव्हरीआधी हातात हवं. पॉलिसी पूर्ण प्रीमियमची निघाल्यावर मागाहून बोनस लावून परतावा मिळवणं म्हणजे ईमेलवर ईमेल.

वारसनोंद:
पती-पत्नीमध्ये बोनस जाण्याची एक वाट मात्र नियमातच आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. विमाधारक व्यक्तीचा मृत्यू झाला आणि गाडीचा ताबा व वापर जोडीदार, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे गेला, तर मूळ बोनस त्यांना मिळतो. पुष्कळ घरांमध्ये हे माहीतच नसतं आणि शून्य टक्क्यांची नवी पॉलिसी घेतली जाते.

पॉलिसी मृत्यूनंतर ३ महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवर चालू राहते. तेवढ्यात वारसाने मृत्यूचा दाखला, गाडीच्या हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी घेऊन अर्ज करायचा. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. नोंदवला असेल तर हे काम पुष्कळ हलकं होतं.

धुकं_आणि_वायपर:
परदेशातून परतणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये काही कंपन्या जोडीदाराचा नो क्लेम डिस्काउंट दुसऱ्याला देतात, तेही त्यांच्या मर्जीवर. तिथलं ऐकून इथे मागायला गेलात तर मिळणार नाही. परदेशात मिळवलेला बोनस भारतात चालतो, पण ज्याने मिळवला त्याच्याच नावावर. तिथली पॉलिसी संपल्यापासून ३ वर्षांच्या आत इथे विमा घ्यावा लागतो आणि परदेशी कंपनीचं पत्र हवं.

सहावा_गिअर:
ठरलं: मुदत संपू देतो, जुनी गाडी तिच्या नावावर, नवी माझ्या. जुन्या गाडीच्या नव्या पॉलिसीत १५ लाखांचं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर तिला वेगळं घ्यावं लागेल का? माझ्या नावाने एक आहे.

लोखंडी_बंपर:
तुमचं तुमच्यापुरतं. ते ओनर-ड्रायव्हर, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकासाठीचं कव्हर आहे, त्यामुळे वहिनी मालक झाल्या की त्यांचं वेगळं लागेल. त्यांच्याकडे लायसन्स नसेल तर मात्र लागू होत नाही, कोटेशनमध्ये धरलं असेल तर काढायला सांगा. नव्या गाडीच्या पॉलिसीतही बघा: तुमचं १५ लाखांचं कव्हर चालू असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरायची गरज नाही. पण ते कव्हर जुन्या गाडीच्या पॉलिसीतच असलं तर तिच्यासोबतच संपेल, मग नव्यात घ्यायलाच हवं.