अनुभव धागा: पाच वर्षांखालच्या मुलांसाठी घरी केलेला सणाचा खाऊ

कऱ्हाकाठ
नातवाच्या बालवाडीतून निरोप आला आहे की, दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक घराने फराळाचा एकच पदार्थ पाठवावा, मात्र तो तीन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने आणि कोणाच्या मदतीशिवाय खाता यायला हवा. हे वाचले आणि आई आठवली. करंज्यांचे पीठ संपत आले की ती शेवटचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवी, त्याच्या सुपारीएवढ्या लाट्या करी, सारणातले खोबरे हाताने चुरडून अगदी बारीक करी आणि कातण्याने कड कापून त्या चिमुकल्या करंज्या मंद आचेवर सर्वांत शेवटी तळत असे. त्यांचा डबा वेगळा असे आणि मोठ्यांपैकी कोणीही त्याला हात लावत नसे. मोठ्यांच्या ताटातला तुकडा मोडून हातात देणे म्हणजे मुलांचा फराळ नव्हे, त्यांच्यासाठी निराळा घाट घालावा लागतो, हे तिचे मत मला आजही पूर्णपणे पटते. आपापल्या घरी सणासुदीला लहानग्यांसाठी काय करतात, ते कृतीसह लिहावे, अशी विनंती आहे.

गोदातीर
आमच्याकडे मोड आणलेल्या नाचणीचे लाडू होतात. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची आणि मग भाजून दळायची. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण मूल लाडू खाते ते तुपाच्या आणि वेलचीच्या वासासाठी. पीठ तुपावर पुरेसे खमंग भाजले गेले नाही तर घास टाळूला चिकटतो, मूल तो जिभेने बाहेर ढकलते आणि आपण त्याला नाचणी आवडत नाही असे ठरवून मोकळे होतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वरून साखर किंवा गूळ देऊ नये, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून धाकटीच्या लाडवांत बिया काढून वाटलेला खजूर घातला. तो लाडू दोनच दिवस टिकतो, त्यामुळे थोडाच करावा.

रातपाळी
मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून खाऊइतकीच काळजी त्यात काय नसावे याची वाटते. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, काजू, बदाम पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. दाढा पुऱ्या आलेल्या नसल्यामुळे दाणा नीट चावला जात नाही, आणि हसताना किंवा रडताना श्वास आत ओढला गेला की तो श्वासनलिकेत उतरतो. शेंगदाण्यातल्या तेलाने आतल्या अस्तराला सूजही येते. संक्रांतीच्या दिवसांत असेच एक बाळ आमच्याकडे आले होते. दाणा दुर्बिणीतून काढावा लागला आणि आईचा हात रात्रभर थरथरत होता. बोरन्हाणात डोक्यावरून बोरे, हरभरे, रेवड्या ओततात, आणि मुले खाली पडलेले वेचून थेट तोंडात घालतात. माझ्या भाच्याच्या बोरन्हाणाला आम्ही फक्त चुरमुरे आणि मोठे बत्तासे घेतले, बोरे ताटातच ठेवली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो आणि मध घालून पदार्थ शिजवला तरी तो धोका जात नाही.

कऱ्हाकाठ
रातपाळी ताई, फार मोलाचे लिहिलेत. चिवड्यातले दाणे आणि डाळे आमच्याकडे यंदा वेगळ्या वाटीत ठेवीन.

वसई-मडगाव
माझे माहेर वसईचे आणि सासर मडगावचे, त्यामुळे आमचा सण नाताळ. डिसेंबर उजाडला की कुलकुलांचे पीठ मळले जाते: मैदा, थोडा रवा आणि नारळाचे दूध. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबायची आणि गुंडाळत खाली आणायची, की तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. हे काम आमच्या घरी मुलांचेच आहे. चार वर्षांच्या मुलीची कुलकुले वाकडी होतात, तरी ती वेगळी तळून तिच्याच बशीत ठेवतो, आणि आपण केलेले ओळखून ती ते अगदी आनंदाने खाते. मोठ्यांची कुलकुले साखरेच्या पाकात घोळवतो, लहानांची तशीच ठेवतो. ज्यांना दात नाहीत त्यांना हरभऱ्याच्या डाळीचा आणि नारळाचा मऊ दोस चालतो, मात्र डाळ अगदी गुळगुळीत वाटलेली हवी.

परसदार_न्यूजर्सी
इथे मुलीच्या वर्गात दाणे आणि सुकामेवा पूर्ण बंद आहे. तिळगूळ न्यायची फार इच्छा होती, पण अमेरिकेत १ जानेवारी २०२३पासून तीळसुद्धा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत धरला जातो आणि पाकिटावर त्याचा उल्लेख बंधनकारक आहे, म्हणून शिक्षिकेला आधी विचारले आणि त्यांच्या सल्ल्याने तो विचार सोडला. दिवाळीला शंकरपाळी नेली, घटक पदार्थांची चिठ्ठी डब्यावर चिकटवली. परक्या देशात आपला सण मुलांच्या हातात असा खाऊ म्हणूनच पोहोचतो, त्यामुळे ही धडपड मला फार महत्त्वाची वाटते. कोणाकडे खुसखुशीत शंकरपाळ्यांचे प्रमाण आहे का? माझी कडक होतात आणि मुलांना चावत नाहीत.

गोदातीर
तूप, दूध आणि साखर प्रत्येकी एक वाटी घ्यावी. साखर विरघळेपर्यंतच गरम करावे, उकळू देऊ नये, आणि मिश्रण निवल्यावर मावेल तेवढा मैदा घालून सैलसर मळावे. लाटी जाड ठेवावी आणि आच शेवटपर्यंत मंद ठेवावी. मोठ्या आचेवर वरून रंग येतो आणि आत कच्चे राहते.

माजघर
बोरन्हाणाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमची आजी हलवा घरी करत असे. परातीत खसखस किंवा तीळ घेऊन ती परात मंद शेगडीवर ठेवायची, एकतारी पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. थंडी चांगली पडली तरच काटा छान येतो, म्हणून ती पौषातल्या पहाटे बसत असे. तिने केलेल्या हलव्याचा मुकुट आणि हार आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाने घातला आहे. दागिने ओवताना शेवटच्या गाठी पक्क्या माराव्यात, नाहीतर बाळ ओढून दाणे तोंडात घालते.

गावठाण
बाळ झोपले आहे, तेवढ्यात विचारते. तीन वर्षांच्या मुलाला चकली देता येईल का? इथे सगळे गोडाचेच सांगत आहेत.

माजघर
अवश्य द्यावी. भाजणीत तिखट न घालता जिरेपूड आणि थोडे ताक घाला, मोहन नेहमीपेक्षा सढळ ठेवा आणि सोऱ्याने पूर्ण वेढे न पाडता बोटभर लांबीचे तुकडे पाडून तळा. तीळ घातले तर कुटूनच घालावेत.