आवाज गोड असून भागत नाही

ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्या एआयबद्दल एकाने म्हटलंय की त्याचा आवाज माणसासारखा झाला की ग्राहक कुरकुर करणार नाहीत. मला हे पटत नाही. आवाजाचं बरंच जमलंय, खरं अडतं ते ऐकण्यात. साध्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) एवढाच आवाजाचा पट्टा जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’मधला फरकही पुसट होतो. ग्राहक म्हणाला ‘एकोणसाठ’ आणि यंत्राने ऐकलं ‘एकोणसत्तर’, की पुढचं सगळं बोलणं भलत्याच खात्यावर! म्हणून आकडे सुटे करून परत विचारायलाच हवेत: ‘पाच, नऊ, बरोबर?’

दुसरं म्हणजे मधली शांतता. गप्पांमध्ये माणसं साधारण २०० मिलिसेकंदांत उत्तर देतात. इथे यंत्राने आधी ग्राहकाच्या बोलण्याचा लेखी मजकूर करायचा, मग उत्तर तयार करायचं, मग त्याचा पुन्हा आवाज करायचा. यात सेकंद-दीड सेकंद गेला की समोरचा ‘हॅलो? हॅलो?’ सुरू करतो आणि दोघंही एकदम बोलू लागतात.

अपॉइंटमेंटची आठवण करून द्यायला हे कॉल उत्तम. तक्रारीसाठी मात्र नकोत. चिडलेल्या माणसाला माणूसच हवा असतो, आणि त्याने ‘माणसाशी बोलायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न न विचारता कॉल जोडून द्या.