पोरीच्या हाताला कॉम्पॅक्ट पिस्तूल घ्यायचं की मोठ्याचीच ग्रिप घासायची?

गंगापूररोडकर
परवा आपल्या नाशिकच्या नेमबाजीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "कॉम्पॅक्ट, म्हणजे आखूड नळीचं, एअर पिस्तूल म्हणजे हौशी आईबापांना लावलेला चुना. फुल-साइज घ्या, ग्रिप म्हणजे लाकडी मूठ घासून हाताच्या मापाची करा, पोरं वाढतातच." त्याला धडाधड अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

"पोरं वाढतातच" हे गणवेशाला ठीक आहे हो. माझी लेक तेरा वर्षांची. रेंजवरचं पिस्तूल किलोच्या आसपास. ते एका हाताने, हात लांब करून, ७५ मिनिटांत ६० शॉट. विसाव्या शॉटनंतर तिचा खांदा कानाकडे सरकायचा, मनगट पडायचं आणि पेलेट टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली. ग्रिप घासली. तळहात छान भरला, पण नळीचं ओझं होतं तिथेच राहिलं. घासून लाकूड कमी होतं, नळी नाही. मग ओळखीतून महिनाभर कॉम्पॅक्ट मिळालं. चाळिसाव्या शॉटलाही खांदा जागेवर. नळीकडची जादा वजनं काढा म्हणून सांगायला येऊ नका, ती पहिल्याच दिवशी काढली होती.

दहा-पॉइंट-नऊ
तो मेसेज लिहिणारा मीच. बापाची माया समजू शकतो, पण जरा गणित करा. मोठ्यावर नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ३५० मिमी धरा, आखूडवर ३००. साइट ०.१ मिमी हलली तर १० मीटरवर मोठ्यात २.९ मिमीची चूक, आखूडात ३.३. आखूड नळी चूक वाढवते, यात मत वगैरे काही नसतं.

गंगापूररोडकर
म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! दोन रिंगांमध्ये ८ मिमी असतात, साहेब. म्हणजे ०.१ गुणाला ०.८ मिमी. तुमच्या गणिताने माझं दशांशसुद्धा जात नाही. खांदा थकला की सातची रिंग दिसते, त्याचं गणित कोण करणार?

दहा-पॉइंट-नऊ
बरं, हरलो. पण एअर पिस्तूलची क्वालिफिकेशन, म्हणजे फायनलआधीची फेरी, पूर्ण गुणांवर असते, दशांशावर नाही. रेषेवरचा शॉट तेवढ्याने आत-बाहेर होतो. रेषेला मोल आहे.

सिडकोवाला
मी घासणाऱ्यांच्या बाजूचा, पण आमचा पराक्रम ऐका. मुलाची ग्रिप फर्निचरवाल्याकडे दिली. माणूस मनापासून कामाला लागला. अक्रोडावर पकडीसाठी टोचे होते ते सगळे सफाचट, वर दोन हात पॉलिश. देव्हाऱ्याला शोभेल अशी चकचकीत. घामाचा हात लागला की साबणासारखी सटकायची. मग मी एम-सीलचे लपके मारले. बालेवाडीला स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तपासणीत पिस्तूल मापाच्या पेटीत जाईना. पेटी ४२० बाय २०० बाय ५० मिमीची, आणि आमचं एम-सील त्या पन्नासात बसत नव्हतं. रात्री लॉजच्या बाथरूममध्ये बादली पालथी घालून बसलो आणि ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. पँटवर, मिशीवर, मुलाच्या टूथब्रशवर सगळीकडे करडी भुकटी. सकाळी पेटीत गेलं. पोरगा माझ्याशी बोलला मात्र सिन्नर आल्यावर.

तरी सांगतो, घासाच. फक्त बोटांच्या आतल्या बाजूने, रोज थोडं, आणि स्वतः.

देवळालीकर (निवृत्त)
सगळे लाड आहेत. आम्ही तोफखान्यात जे हातात दिलं ते उचललं. पाण्याची बाटली घेऊन रोज दहा मिनिटं हात धरायला लावा. स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला, त्याने नेमबाजीचे सुरुवातीचे धडे इथेच नाशकात गिरवले. त्याने कुठे छोटं मागितलं?

गंगापूररोडकर
काका, आदर ठेवून सांगतो, तो रायफलवाला. त्या रायफलीचा बट मागेपुढे होतो, गालाची पट्टी वरखाली होते. इंच न् इंच अंगाला जुळवलेली असते. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

देवळालीकर (निवृत्त)
बाटलीचं उत्तर दिलं नाहीत.

गंगापूररोडकर
बाटली रोज धरते ती. अर्ध्या लिटरची.

पाथर्डीफाटा
भांडा निवांत, पण आधी पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरची तारीख बघा. मी सेकंडहँड फुल-साइज घेतलं, पेटीसकट, खरेदीवर खूश. स्पर्धेत सिलिंडरवर कोरलेली तारीख बघून परत पाठवलं. दहा वर्षं उलटून गेली होती. विकणारा म्हणतो, "तुम्ही विचारलंच नाही."

जुनानेमबाज
त्या तारखेचं फार कौतुक नको. माझा सिलिंडर बारा वर्षांचा आहे, मस्त चालतो.

पाथर्डीफाटा
मस्त? आत हवेचा दाब २०० बार असतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन. ते पोराच्या हातात द्यायचं आणि "मस्त चालतो"?

जुनानेमबाज
घाबरट लोकांनी कॅरम खेळावा.

पाथर्डीफाटा
भरता कशाने?

जुनानेमबाज
हातपंपाने. व्यायाम होतो.

पाथर्डीफाटा
जुलैत पण? म्हणजे हवेबरोबर आपल्या पावसाळ्याची ओलही आत जाते. पंपाला ओल शोषणारा फिल्टर आहे का, शेवटचा कधी बदलला? बारा वर्षांत आतून काय झालंय ते तुम्हाला बाहेरून दिसणार आहे होय?

जुनानेमबाज
इथे लोक शिकवायला फार.

सिडकोवाला
जुनानेमबाज, तुमची लेन कुठली तेवढं सांगा. मी दुसऱ्या टोकाला उभा राहतो.

देवळालीकर (निवृत्त)
सिलिंडरच्या बाबतीत पाथर्डीफाटा बरोबर. तारीख म्हणजे तारीख. दारूगोळ्याला आम्ही "मस्त चालतो" म्हणत नसू.

जुनानेमबाज
ठीक आहे, बदलतो. तुमच्या समाधानासाठी.

कॉलेजरोडची ताई
मूळ प्रश्नाचं कुणाला काही पडलंय का? कंपन्या स्मॉल साइजची ग्रिप वेगळी देतात. मोठं पिस्तूल, छोटी ग्रिप. घासणं नको, एम-सील नको. मी स्वतः तसंच चालवते.

गंगापूररोडकर
ताई, तुमचं वय?

कॉलेजरोडची ताई
एकतीस.

गंगापूररोडकर
आणि तिचं तेरा. ग्रिप छोटी केली तरी नळी तीच. असो, सोळाव्या वर्षी तुमचाच उपाय करू. आत्ता कॉम्पॅक्ट घेतोय, नवीन, किमतीत म्हणावा तसा फरकही नाही. दोन-तीन वर्षांनी विकून टाकू.

दहा-पॉइंट-नऊ
विकाल तेव्हा कळवा. पुतण्या दहा वर्षांचा आहे, तोवर बरोबर मापाला येईल. आणि हो, फोटोत सिलिंडरची तारीख दिसू द्या.