हेपटायटिस सी : प्रतिपिंडे आढळली म्हणजे आजार आहेच का?

प्रश्न :
माझ्या थोरल्या भावाने गेल्या महिन्यात रक्तदान केले. त्यानंतर रक्तपेढीने त्याला बोलावून घेतले आणि रक्तात हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) आढळल्याचे सांगितले. त्याला कसलाही त्रास नाही, कधी कावीळ झाल्याचेही आठवत नाही. मात्र लहानपणी, १९८४ साली, शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला रक्त चढवले होते. आता घरात त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवले आहे आणि मुलांना त्याच्याजवळ बसू दिले जात नाही. मला हे पाहवत नाही. ही काळजी योग्य आहे का, आणि पुढे काय करावे?

उत्तर १ :
मी अनेक वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. प्रतिपिंडे आढळणे याचा अर्थ एवढाच, की हा विषाणू केव्हातरी शरीरात येऊन गेला असावा. तो आजही तेथे आहे की नाही, हे आरएनए चाचणीनेच, म्हणजे रक्तात विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीनेच कळते. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत औषधाविना नाहीसा होतो, परंतु प्रतिपिंडे पुढेही रक्तात राहतात. म्हणून ही दुसरी चाचणी आधी करून घ्या.

त्रास नाही म्हणून ती लांबवू नका. यकृत बराच काळ तक्रार न करता झिजत राहते, आणि जुनाट संसर्ग असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांत सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते निकामी होत जाणे) होण्याचा धोका असतो. रक्त चढवल्याचे वर्षही महत्त्वाचे आहे : हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्यामुळे त्यापूर्वी दिल्या गेलेल्या रक्ताची यासाठी तपासणी होणे शक्यच नव्हते.

उत्तर २ :
ताट-वाटी आजच पुन्हा एकत्र करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. हा विषाणू रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा एकच भांडे वापरल्याने तो पसरत नाही. माझ्या आजारपणात घरच्यांनी मला असेच दूर ठेवले होते आणि त्या दिवसांची आठवण आजाराहून अधिक बोचते.

मी बारा आठवडे रोज गोळ्या घेतल्या. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही, आणि यालाच डॉक्टर बरे होणे म्हणतात. आजच्या औषधांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. मद्य मात्र पूर्ण बंद ठेवावे, आणि उपचारापूर्वी हेपटायटिस बीची तपासणी अवश्य करावी, कारण तो दबलेला असल्यास या औषधांच्या काळात पुन्हा उफाळू शकतो.

उत्तर ३ :
खरी काळजी कुठे घ्यायची, तेही सांगते. दाढीचे ब्लेड, नेलकटर, दात घासण्याचा ब्रश आणि साखर तपासण्याची सुई, म्हणजे ज्यावर डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश राहू शकतो, अशा वस्तू प्रत्येकाच्या स्वतंत्र असाव्यात. खोलीच्या तापमानालाही हा विषाणू कित्येक दिवस तग धरू शकतो. इंजेक्शन घेताना सुई आणि सिरिंज दोन्ही नवी आहेत ना, हे विचारायला संकोचू नये. गोंदण्याच्या किंवा कान टोचण्याच्या सुईलाही हेच लागू आहे. या आजारावर लस नाही आणि एकदा बरे झाल्यावरही पुन्हा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे ही दक्षता पुढेही सोडू नये.

वहिनींनी एकदा तपासणी करून घ्यावी. पती-पत्नींमध्ये हा संसर्ग क्वचितच होतो, पण तपासणी सोपी आहे. मुलांना जन्मतः संसर्ग होतो तो आईकडून. वहिनींना तो नसेल, तर त्या बाबतीत चिंता नको.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. आरएनए चाचणीसाठी उद्या सकाळी भावाबरोबर मी स्वतः जाणार आहे. आज रात्री मात्र आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलो होतो, आणि धाकटी पुतणी त्याच्या मांडीवर होती.