फादो: गाण्याचं नाव वेगळं, चाल तीच, असं का?

मंद्रसप्तक:
पोर्तुगालचं फादो (तिथला एक गायनप्रकार) ऐकताना दोन ठिकाणी अडकायला होतं. वेगवेगळ्या गायकांच्या, वेगळ्या नावांच्या गाण्यांची चाल चक्क एकच निघते. ही उचलेगिरी म्हणायची का? आणि पोर्तुगीज येत नसेल तर लक्ष कशाकडे द्यायचं? संथ गाणी सगळी सारखीच वाटतात. लिस्बनला कुठे ऐकावं हेही सांगा. नुसती गाण्यांची यादी नको.

चालधरू:
उचलेगिरी नाही, परंपराच तशी आहे. पारंपरिक फादोत चालीला स्वतःचं नाव असतं, आणि कडव्यातल्या ओळी व अक्षरसंख्या जुळली की कुठलीही कविता तिच्यावर बसते. आपल्याकडे एका चालीवर अनेक अभंग म्हणतात, तसंच. म्हणून गायक बदलत बसण्यापेक्षा एक चाल धरा आणि ती निरनिराळ्या गळ्यांतून ऐका.

सगळ्यात जुन्या तीन चाली म्हणजे फादो मेनोर, फादो कोर्रीदु आणि फादो मोरारिया. यांचे कर्ते अज्ञात आहेत. मेनोर मायनर स्केलमध्ये आणि संथ, कोर्रीदु मेजरमध्ये आणि चालत्या लयीत. मोरारियाही मेजरच. तिन्हींचा पाया दोनच कॉर्डांचा: एक षड्जावरचा, एक पंचमावरचा. वरची सुरावट ठरलेली नसते, ती गायकाने जागेवर घडवायची. सुरुवातीला सगळं सारखं वाटतं ते त्यामुळेच. कान कॉर्डांवर राहतो आणि गायकाने केलेला फरक निसटतो.

आता विख्यात फादो गायिका अमालिया रोद्रिगेशचा १९६२चा अल्बम 'बुश्तु' काढा. त्यातल्या 'एश्त्रान्या फोर्मा द व्हिदा'चे शब्द अमालियाचे स्वतःचे, पण चाल आल्फ्रेदु मार्सेनैरुची 'फादो बायलादु'. 'पोवु के लावाश नु रिउ'ची कविता पेद्रु ओमें द मेलुची, चाल जुआकीं कांपुशची 'फादो व्हितोरिया'. पहिल्यात कडवं पाच ओळींचं आणि पहिली ओळ शेवटी परत येते. दुसऱ्यात सहा ओळी. हा हिशेब बोटांवर मोजत ऐका, भाषा न येताही गाण्याचा सांगाडा दिसतो. त्याच अल्बममधल्या संगीतकार आलँ उल्मानच्या चाली मात्र त्या त्या कवितेसाठी बांधलेल्या आहेत. दोन्ही प्रकार एकाच आवाजात शेजारी शेजारी मिळतात, म्हणून सुरुवातीला याहून चांगला अल्बम मला तरी दिसत नाही.

शोधताना एक घोळ होतो. स्ट्रीमिंगवर वर छापलेलं नाव शब्दांचं असतं. चालीचं नाव श्रेयनामावलीत किंवा कंसात सापडतं. लिस्बनच्या फादो संग्रहालयाचं डिजिटल ध्वनिसंग्रहालय आहे, जुन्या तबकड्या तिथे ऐका.

बारातारी:
वर वाद्यांचं राहिलं. पेअरसारख्या आकाराची बारा तारांची गितार्रा, लोखंडी तारांची व्हियोला (दिसायला साधी गिटारच), आणि अनेकदा सोबत खर्जाचं बास वाद्य. व्हियोला ठेका आणि कॉर्ड सांभाळते. गितार्रा गायकाच्या ओळीमागे हलकं बोलते आणि ओळ संपली की मोकळी जागा भरते. एकदा गाणं फक्त या जागांसाठी ऐका. चांगला वादक शब्दांवर चढत नाही.

तारांच्या जोड्या सहा: खालच्या सुरांच्या तीन जोड्यांत एक तार सप्तकभर वरची, वरच्या सुरांच्या तीन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात. लिस्बनचं ट्यूनिंग खालून वर डी-ए-बी-ई-ए-बी. कोइंब्रा या शहराचं त्याहून एक पूर्ण स्वर खाली, सी-जी-ए-डी-जी-ए. गितार्रा विकत घेणार असाल तर हे आधी विचारा. कोइंब्राची गितार्रा लिस्बनच्या सुराला चढवली तर ताण वाढून तारा तुटू शकतात. ओळख सोपी आहे: लिस्बनच्या वाद्याच्या डोक्यावर गुंडाळीसारखं कोरीवकाम, कोइंब्राच्या डोक्यावर अश्रूचा थेंब.

मंद्रसप्तक:
म्हणजे कोइंब्राचं फादो वेगळंच का?

बारातारी:
हो, विद्यापीठाचं. काळा डगला घातलेले विद्यार्थी गातात, परंपरेने पुरुषच, आणि दाद टाळ्यांनी नव्हे, खाकरून देतात. तिथली गितार्रा ऐकायची तर कार्लुश पारेदिश. ते नुसतं वाद्यवादन, त्यामुळे शब्दांची अडचणच नाही.

मांडवीकाठ:
लिस्बनमध्ये दोन प्रकार आहेत. 'काझा द फादो'त जेवण आणि ठरलेले कलाकार. 'फादो व्हादियु'त हौशी मंडळी आळीपाळीने गातात. बाइरु आल्तु या वस्तीतली 'टाश्का दु शिकु' व्हादियुसाठी प्रसिद्ध आहे, पण जागा चिमुकली, वेळेआधीच पोचा. आल्फामा वस्तीतलं 'मेझा द फ्रादेश' जुन्या चॅपेलमध्ये आहे, भिंतींवर निळ्या फरशा. अनेक ठिकाणी किमान खर्चाची अट असते, बसण्याआधी विचारून घ्या.

गाणं सुरू झालं की दिवे मंदावतात, वाढपी थांबतात, बोलणं बंद. एक गायक तीन-चार फादो म्हणतो, मग मध्यांतर. ऑर्डर आणि गप्पा तेव्हाच. शेवटची ओळ पुन्हा येते, दोन ठाशीव कॉर्ड पडतात, आणि मग टाळ्या. रंगलेल्या ओळीला 'आ, फादिश्ता!' (फादिश्ता म्हणजे फादो गाणारा) अशी दाद मधूनही पडते, पण ती जाणकारांवर सोडा. फादो संग्रहालय आल्फामातच आहे, सोमवारी बंद.

पोर्तुगालला जाणं जमणार नसेल तर गोव्याची सोनिया शिरसाट ऐका. ती पोर्तुगीज फादो मनापासून गाते. फक्त गोव्याच्या मांडोला फादोची कोकणी आवृत्ती समजू नका. मांडो हे नाचाचं गाणं, घुमट आणि व्हायोलिनच्या साथीचं. फादोवर कोणी नाचत नाही.