महाप्रसादाचे डबे आणि वजनाचा विषय

सावंत काका (सेक्रेटरी): रविवारच्या महाप्रसादाचं ठरलं. भात, काळ्या वाटाण्याचं सांबार, शिरा. पार्सलसाठी प्लास्टिकचे डबे मागवतोय, कोणाची हरकत?

वैदेही (बी विंग): काका माझी आहे. मागच्या वेळी उकळतं सांबार ओतलेलं तर डब्याचं झाकण वाकडं झालेलं आणि आतला पिवळा तेलकट थर घासूनही गेला नाही. गरम नि तेलकट खाण्यात प्लास्टिकमधलं केमिकल जास्त उतरतं, आणि कुठल्या डब्यात काय घातलंय ते कोण लिहितं? यातली काही हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात, वजनाशीही संबंध लावतात.

विनय: वजनाशी?? खाणं कमी, चालणं जास्त, एवढंच असतं गं ते

वैदेही: ते आहेच विनयदादा, पण तेवढंच नाही. तुमच्याकडे होड्या आहेत म्हणून सांगते, बुडाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून जगभर जहाजांच्या रंगात टीबीटी नावाचं केमिकल घालायचे, त्याने समुद्रातल्या मादी गोगलगायींना नराचे अवयव फुटायला लागले. मग 2006 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लूमबर्ग आणि ग्रुन या संशोधकांनी ते गाभण उंदरिणींना दिलं तर पिल्लांमध्ये चरबी जास्त साठली, अशा केमिकल्सना ऑबेसोजेन म्हणतात. जहाजांच्या रंगातल्या टीबीटीवरची आंतरराष्ट्रीय बंदी 2008 मध्ये लागू झाली.

विनय: पावसाळ्यात होडी वर काढली की जुना रंग आम्हीच खरवडतो. तोंडाला फडकं पण नसतं कुणाच्या

वैदेही: मास्क लावाच दादा, आणि पोरांना तिथे बसवू नका.

आशा काकू: पण ते उंदीर झाले गो, मोठ्या माणसांचं काय? मी डाएट करून उतरवलेलं परत चढलं तर सगळे म्हणतात काकूंचं तोंड सुटलं. फार लागतं मनाला

वैदेही: काकू मोठ्यांवरच केलेला अभ्यास आहे, अमेरिकेतला, 2018 चा. 621 जाड माणसं, दोन वर्षं डाएट. ज्या बायकांच्या रक्तात पीएफएएस सगळ्यात जास्त होतं त्यांचं उतरलेलं वजन, ते सगळ्यात कमी असलेल्या बायकांपेक्षा साधारण दोन किलो जास्त परत चढलं, आणि बसल्या जागी शरीर जी एनर्जी जाळतं तीही कमी पडलेली. पीएफएएस म्हणजे नॉनस्टिकचं कोटिंग, तेल न शोषणारा पॅकिंगचा कागद यातली केमिकल्स, शरीरातून जायला वर्षं लागतात. त्यानेच वजन वाढलं असं यातून सिद्ध होत नाही, संबंध दिसलाय. पण जाड माणसाला आळशी, खादाड म्हणायच्या आधी आपण थांबायला हवं, मला तर हे बोलणंच सहन होत नाही.

आशा काकू: माझा घावण्यांचा नॉनस्टिक पार खरवडलाय, उद्यापासून बिडाचा काढते

सावंत काका: बरं, डबे कॅन्सल. पार्सलवाल्यांनी घरून स्टीलचे डबे आणा, झाकणावर फ्लॅट नंबर लिहा. पंगतीला केळीची पानं हवीत.

विनय: आमच्या परसातली काढतो, किती लागतील ते शनिवारपर्यंत सांगा